अंगावर बाळगायचं पहिलं पिस्तूल: अमेरिकेत नव्याने घेणाऱ्यांसाठी

दुकानाच्या काउंटरवर गेलेला नवखा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात छोटं पिस्तूल उचलतो. हलकं आहे, खिशात मावतं, किंमतही बेताची. मग नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या पन्नास गोळ्या झाडताना अंगठ्याच्या बेचक्यात ठणका लागतो, नेम कागदाच्या बाहेर जातो आणि ते पिस्तूल कपाटात जाऊन पडतं. छोटं पिस्तूल बाळगायला सोपं आणि चालवायला अवघड असतं. मोठ्याचं नेमकं उलट. पहिलं पिस्तूल या दोन टोकांच्या मधलं हवं. ते मधलं कुठलं, हे कोष्टकं वाचून कळत नाही. तुमचा पंजा, तुमची कंबर आणि तुमचे रोजचे कपडे यावरून ते ठरतं.

पण त्याआधी कागद.

तुम्हाला घेता येतं का?

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न नेहमी उशिरा विचारला जातो. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर संघराज्याच्या कायद्याने पिस्तूल आणि काडतुसं जवळ बाळगणंच बंद आहे. रेंजवर भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणंही ‘बाळगणं’ या व्याख्येत येतं. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट मिळते, तशा आणखी एकदोन सवलती आहेत. पण त्यांच्या जोरावर काही करण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर संघराज्याच्या कायद्याने घेता येतं. अंगावर बाळगण्याच्या परमिटचे नियम मात्र राज्याराज्यांत वेगळे आहेत.

एक कोपरा विशेष धोक्याचा. बायकोकडे ग्रीन कार्ड आणि नवरा एच-१बीवर, किंवा उलट, अशी घरं पुष्कळ आहेत. एकाने दुसऱ्यासाठी पिस्तूल विकत घेणं हा गुन्हा आहे. स्वतःसाठी घेतलं तरी ज्याला मनाई आहे त्याच्या हाती ते लागता कामा नये. तिजोरीचा आकडाही त्याला माहीत नसावा. शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं, म्हणून इथे ‘चालतंय हो’ म्हणू नका.

दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो. परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला संघराज्याची वयोमर्यादा २१ वर्षं आहे. फॉर्मवरच्या माहितीवरून एफबीआयच्या यंत्रणेत पार्श्वभूमी तपासली जाते. उत्तर बहुतेकदा काही मिनिटांत येतं, कधी काही दिवस अडकतं. फॉर्मवर गांजाचा प्रश्न असतो. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघराज्याच्या लेखी नाही. ‘नाही’ असं खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

अंगावर बाळगण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्साससह निम्म्याहून अधिक राज्यांत परमिटशिवाय बाळगता येतं. इलिनॉयमध्ये १६ तासांचं प्रशिक्षण लागतं. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत पूर्वी ‘तुम्हाला खास गरज काय’ असं विचारून परमिट नाकारत. २०२२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालानंतर ते बंद झालं, पण प्रशिक्षण, कागदपत्रं आणि प्रतीक्षा आहेच. परमिट सक्तीचं नसलं तरी काढा. दुसऱ्या राज्यात गेल्यावर उपयोग होतो, आणि शाळेभोवतीच्या हजार फुटांच्या पट्ट्याबाबत संघराज्याचा जो कायदा आहे, त्यातली सूट त्या त्या राज्याचं परमिट असलेल्यालाच मिळते.

पिस्तुलाआधी वर्ग

काहीही विकत घेण्याआधी नवशिक्यांचा एक वर्ग करा. साधारण चार ते आठ तास, शंभर ते दोनशे डॉलर. पिस्तूल तिथलंच वापरतात. यात शिकायचं ते थोडं, पण हाडात मुरायला हवं: प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याकडे नळीचं तोंड वळवायचं नाही, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, स्लाइडच्या (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) कडेला सरळ, आणि लक्ष्यामागे काय आहे ते माहीत हवं.

पिस्तूल रिकामं करायचा क्रम तर पाठच हवा. आधी मॅगझीन (मुठीत बसणारा काडतुसांचा डबा) काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, मग नळीच्या मागच्या खोबणीत डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटला, म्हणजे मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली, तर नळीतलं काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड परत जाताना मॅगझीनमधलं दुसरं आत चढवते. मग मॅगझीन काढून ‘रिकामं आहे’ म्हणत ट्रिगर दाबला की बार उडतो. घरात चुकून उडणाऱ्या कितीतरी गोळ्यांमागे हीच उलटापालट असते.

काडतूस: ९ एमएम घ्या, पुढे चला

यावर रात्र रात्र वाद घालणारी माणसं आहेत. नवख्याने त्यात पडू नये. ९ × १९ एमएम सगळीकडे मिळतं, सरावाला परवडतं, झटका सोसण्याजोगा असतो, आणि आताच्या होलो पॉइंट (टोकाला खळगा असलेल्या) गोळ्यांमुळे त्याची परिणामकारकता पुरेशी आहे. एफबीआयही मोठ्या कॅलिबरचा फेरफटका मारून ९ एमएमवर परतली.

.३८० हे त्याचं धाकटं भावंड. झटका कमी असतो असा समज आहे, तो निम्माच खरा. तेच काडतूस तीनशे ग्रॅमच्या पिस्तुलात घातलं की हाताला चांगलं झोंबतं. मनगटं किंवा बोटं दुखरी असतील तर .३८० चा विचार करावा, पण मोठ्या अंगाच्या पिस्तुलात.

हातात धरून पाहणं

दुकानात विचारून पिस्तूल रिकामं करून घ्या, सुरक्षित दिशा कुठली तेही विचारा, आणि मग चार गोष्टी तपासा.

अंगठा आणि तर्जनीची बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला बरोबर मध्यावर, जितकी वर जाईल तितकी वर बसवा. नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत यायला हवेत. आता ट्रिगरवर बोट ठेवा: टोकापासून पहिल्या पेरापर्यंतचा जो मऊ भाग, त्याचा मधला हिस्सा ट्रिगरवर पडायला हवा. फक्त टोकच पोचत असेल तर मूठ तुम्हाला जाड आहे. दाबताना पिस्तूल एका बाजूला ढकललं जाईल. बोट पेराच्याही पुढे जात असेल तर मूठ बारीक आहे. तिसरं, करंगळी मुठीवर बसते की हवेत लोंबकळते? लोंबकळली तरी चालवता येतं, पण झटक्यात पकड सुटते. काही पिस्तुलांना मॅगझीनच्या तळाशी पुढे आलेली पट्टी मिळते, ती लावून पाहा. चौथं, पकड न बदलता अंगठा मॅगझीन सोडायच्या बटणापर्यंत जातो का.

मग डोळे मिटून सुरक्षित दिशेला पिस्तूल समोर उचला आणि डोळे उघडा. नेम धरायचा पुढचा काटा मागच्या खाचेत जवळपास बसलेला दिसला, तर ते पिस्तूल तुमच्या हाताचं. दर वेळी तोंड वर किंवा खाली जात असेल तर दुसरं मागा. विक्रेत्याला ही सवय असते, संकोच नको.

स्लाइड ओढता येत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर?

बायका दुकानात गेल्या की पाच गोळ्यांचं छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर पुढे करायची एक जुनी खोड आहे. ‘स्लाइड ओढायची कटकट नाही.’ खरं आहे, पण स्मिथ अँड वेसन ६४२ चं उदाहरण घ्या: वजन साधारण ४१० ग्रॅम आणि ट्रिगर दाबायला सुमारे बारा पौंडांचा जोर. हलक्या अंगाला तेवढ्या जोराने दाबताना नळी हलतेच; शिवाय बारीक काटे आणि जबर झटका. ते अनुभवी माणसाचं दुसरं शस्त्र आहे, नवख्याचं पहिलं नव्हे.

स्लाइड न ओढली जाण्याचं कारण बहुतेकदा ताकद नसते, पद्धत असते. चिमटीत धरून ओढू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. डाव्या हाताचा तळवा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून घट्ट बसवा, रिकामी पुंगळी बाहेर येण्याच्या खिडकीवर हात येऊ देऊ नका. आता उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला आणि डाव्याने मागे ओढा, दोन्ही एकदम. मागे गेली की सोडून द्या. हाताने परत नेऊ नका, नाहीतर काडतूस अर्धवट बसतं. एवढं करूनही जमत नसेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड याच कामासाठी बनवलेलं आहे, .३८० आणि ९ एमएम दोन्हींत. स्प्रिंग हलकी, मॅगझीन भरायला बाजूला खुंटी.

आकार, म्हणजे खरा निर्णय

बाळगण्याजोगी पिस्तुलं ढोबळमानाने तीन गटांत मोडतात.

खिशात मावणारी, रुगर एलसीपी-२ सारखी: .३८०, सुमारे ३०० ग्रॅम. यांच्याबद्दल वर लिहिलंच आहे.

मधला गट म्हणजे पातळ, पण दहा-बारा गोळ्यांची. २०१८ मध्ये आलेल्या सिग सावर पी३६५ ने हा बाजारच बदलला: ३.१ इंची नळी, मॅगझीनमध्ये १०, वजन जेमतेम ५०० ग्रॅम. तोवर एवढ्या आकारात सहा-सात गोळ्या मिळत. मागोमाग स्प्रिंगफील्ड हेलकॅट, स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस, ग्लॉक ४३एक्स. याच गटात थोडी लांब रूपंही आहेत, जसं पी३६५ एक्सएल: ३.७ इंची नळी, १२ गोळ्या, लांब मूठ.

तिसरा गट ग्लॉक १९ चा: चार इंची नळी, १५ गोळ्या, रिकाम्या मॅगझीनसकट ६७० ग्रॅम. भरलं की साधारण ८५० ग्रॅम. चालवायला सगळ्यात सोपा, लपवायला सगळ्यात अवघड.

आमचा कल स्पष्ट आहे: पहिल्यासाठी मधल्या गटातलं लांब रूप, म्हणजे पी३६५ एक्सएल किंवा ग्लॉक ४३एक्स, किंवा शील्ड प्लस. अंगाने भरदार असाल आणि शर्ट बाहेर सोडायची सवय असेल तर ग्लॉक १९ सुद्धा खुशाल. कपड्याबाहेर उठून दिसते ती मूठ. नळी पँटच्या आत जाते, तिच्या लांबीचा फारसा प्रश्न नसतो. लोक नेमकं उलटं करतात, आखूड नळी शोधतात आणि मूठ जाडजूड घेतात.

वेगळी सेफ्टी हवी की नको? शील्ड प्लस दोन्ही रूपांत मिळतं. ग्लॉकला ट्रिगरमधल्या पात्याखेरीज बाहेरचा खटका नाही. दोन्ही चालतं, पण सेफ्टीवालं घेतलं तर सरावातल्या प्रत्येक वेळी ती अंगठ्याने खाली करायची. कधी लावली, कधी नाही, असं केलंत तर ऐन वेळी ट्रिगर दबणार नाही आणि कळणारही नाही का.

राज्याचा नियमही पाहा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात मॅगझीनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत. कॅलिफोर्नियात तर दुकानाला राज्याच्या यादीतलीच मॉडेलं नवी विकता येतात.

रेंजवर भाड्याने घेऊन

दोन-तीन मॉडेलं निवडून ती भाड्याने मारून पाहा. एकेकाच्या पन्नास गोळ्या पुरेत. जाताना बंद गळ्याचा शर्ट आणि टोपी घाला. बाहेर उडणारी पुंगळी चांगलीच तापलेली असते. ती गळ्यातून आत गेली की माणूस भरलेलं पिस्तूल हातात घेऊन नाचतो. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. बंद रेंजमध्ये एकाने भागत नाही.

अगदी पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरा. हलक्या पिस्तुलाच्या झटक्याने तोंड वर जातं आणि घाबरलेलं बोट नकळत पुन्हा दाबतं. दुसरं काडतूस नसलं की ती चूक फुकट जाते. डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा ठेवू नका. स्लाइड मागे येते तेव्हा तो सोलून निघतो. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढे रोखलेले.

सात यार्डांवर पाच-पाच गोळ्या सावकाश. पाचही बशीएवढ्या वर्तुळात पडायला लागल्या की ते पिस्तूल जमतंय. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या डावीकडे खाली जात असतील तर झटक्याच्या भीतीने तुम्ही आधीच मूठ आवळताय, काटे बिघडलेले नाहीत.

पुंगळी खिडकीत उभी अडकली तर बहुतेकदा मनगट सैल आहे. हलकी पिस्तुलं याबाबत फार चिडकी. अशा वेळी मॅगझीनच्या तळाला खालून थाप मारायची, स्लाइड ओढायची, पुढे चालू. ट्रिगर दाबला आणि नुसता खट आवाज आला तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग काढा. पण फुसका, दबलेला आवाज आला तर थांबाच. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी मारली तर नळी फुटते. रेंजवरच्या माणसाला हाक मारा.

घरी जाण्याआधी साबण आणि गार पाण्याने हात-तोंड धुवा. धुरात आणि काडतुसांवर शिसं असतं. लहान मुलं असतील तर रेंजचे कपडे वेगळे धुवायचे, बूट दाराबाहेर.

होल्स्टर आणि पट्टा

पिस्तुलावर सहाशे डॉलर घालून होल्स्टरवर पंधरा घालणारे खूप. उलट, पिस्तुलाच्या किमतीएवढेच पैसे बाकीच्यासाठी बाजूला ठेवा: होल्स्टर साठ ते शंभर, दीड इंची ताठ पट्टा पन्नासच्या आसपास, कुलपाची पेटी, पाचशे सरावाची काडतुसं.

होल्स्टर त्याच मॉडेलसाठी घडवलेलं, कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं हवं. ट्रिगरचं कडं पूर्ण झाकलेलं; बाहेरून बोटाने ट्रिगर दाबता येता कामा नये. पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहायला हवं. मऊ कापडाचं, सगळ्यांना बसणारं होल्स्टर आत दुमडतं आणि परत घालताना ती घडी ट्रिगरवर दाब देते. परत घालणं हाच सगळ्यात धोक्याचा क्षण: शर्टाचं टोक, जाकिटाची दोरी आत जाते. एका हाताने कपडा पूर्ण वर धरा, खाली बघा, सावकाश घाला. इथे घाई करायचं काही कारण नसतं.

जागा दोन चालतात: उजव्या कमरेच्या किंचित मागे, किंवा पुढे पोटाशी. पुढचं लपतं छान, पण बसताना टोचतं आणि चूक झाली तर गोळी मांडीत जाते. म्हणून नवख्याने बाजूने सुरुवात करावी. पर्समध्ये ठेवू नका. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि आई जागीच गेली.

दोन आठवडे घरात रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये बांधून वावरा. गाडीत बसा, पट्टा लावा, बुटाची नाडी बांधा, पोराला उचला. जिथे टोचतं तिथे क्लिप हलवा.

काडतुसं आणि भरवसा

सरावाला ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या गोळ्या. बाळगायला होलो पॉइंट, १२४ किंवा १४७ ग्रेन, फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट. या गोळ्या शरीरात उमलतात आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायची शक्यता कमी करतात. न्यू जर्सीत होलो पॉइंटवर वेगळी बंधनं आहेत, आधी वाचा.

नव्या पिस्तुलातून दोनशे साध्या आणि किमान पन्नास बाळगायच्या गोळ्या अडखळण्याशिवाय गेल्या, तरच ते कमरेला लावायचं.

रोज रात्री काढून सकाळी तेच काडतूस पुन्हा नळीत चढवू नका. दर वेळी गोळी पुंगळीत थोडी आत सरकते, जागा कमी होते आणि बार उडताना दाब भलताच वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहा. बुटकं दिसलं की ते बाद.

घरात, आणि घराबाहेर

कमरेला नसेल तेव्हा पिस्तूल बटणांच्या कुलपाच्या पेटीत, आणि पेटी तारेने बांधलेली. कपाटाच्या वरच्या फळीवरची जागा मुलांना माहीत असते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कोणी खचलेलं असेल तर पिस्तूल घरात आणू नका. आधीच असेल तर काही काळ घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची सोय बघा. ९८८ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.

टपाल कार्यालय, संघराज्याच्या इमारती, विमानतळाची तपासणी, इथे नाही म्हणजे नाही. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव किंवा दिवाळीचा कार्यक्रम अनेकदा हायस्कूलच्या सभागृहात असतो. ती शाळाच आहे, सुट्टीचा दिवस असला तरी. पिस्तूल त्या दिवशी घरी. पेनसिल्व्हेनियाचं परमिट घेऊन एडिसनला नातेवाइकांकडे जाणार असाल तर न्यू जर्सीत ते चालत नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कही बाहेरचं परमिट मानत नाहीत.

रेंजची पिशवी कायमची वेगळी ठेवा, आणि ती भारतात न्यायची नाही. कप्प्याच्या शिवणीत राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि ‘चुकून राहिलं’ हे सांगायला मग कोर्टात उभं राहावं लागतं. नेमकी तीच पिशवी न्यावी लागत असेल तर सगळे कप्पे उलटे करून जमिनीवर झटका, आणि प्रत्येक शिवणीतून बोट फिरवा.